पिट्सबर्गचं थ्री रिव्हर्स स्टेडियम पाडलं ते बरोबरच झालं (चर्चा)

अलेघनीकाठ:

११ फेब्रुवारी २००१ ला, रविवारी सकाळी, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं थ्री रिव्हर्स स्टेडियम सुरुंग लावून जमीनदोस्त केलं. उभं राहून पुरती एकतीस वर्षंही झाली नव्हती. दोनच महिन्यांनी, ९ एप्रिलला, तिथून जवळच अलेघनी नदीच्या काठावर पीएनसी पार्क हे फक्त बेसबॉलचं मैदान सुरू झालं. जुनं पाडलं ते बरोबर झालं का, हा वाद इथल्या मराठी मंडळींमध्ये दर उन्हाळ्यात निघतो. पीएनसी पार्क वापरण्याचा बेसबॉल संघाचा करार २०३० पर्यंतचा आहे, त्यामुळे येत्या काही वर्षांत तो आणखी तापणार. माझं मत मी आधीच सांगून टाकतो: थ्री रिव्हर्स पाडायलाच हवं होतं, कारण त्या इमारतीत बेसबॉल कधी नीट मावलाच नाही.

तिथे दोन संघ राहायचे. बेसबॉलचे पायरेट्स आणि अमेरिकन फुटबॉलचे स्टीलर्स. आता दोन्ही मैदानं डोळ्यांसमोर आणा. बेसबॉलचं मैदान एका कोपऱ्यातून उलगडतं. कोपऱ्यावर होम प्लेट, तिथून काटकोनात निघणाऱ्या दोन रेषा, नव्वद-नव्वद फुटांचा चौकोन आणि त्यापलीकडे आउटफिल्ड. खेळाचा जीव पिचर (चेंडू टाकणारा), बॅटर आणि कॅचर (बॅटरमागे चेंडू पकडणारा) यांच्यात असतो, म्हणून प्रेक्षकाला त्या कोपऱ्याला चिकटून बसायचं असतं. फुटबॉलचं मैदान म्हणजे एंड झोन धरून १२० यार्डांचा लांब आयत. तिथे सगळ्यांना लांब बाजूच्या मध्यावर जागा हवी असते. हे दोन्ही एकाच गोलात बसवायचे तर एकच उपाय उरतो: सगळ्यांनाच मागे सरकवायचं. थ्री रिव्हर्समध्ये खालच्या खुर्च्यांचे मोठे भाग रुळांवरून फिरवून जागा बदलायचे, तरी कोपऱ्याभोवती रेषांबाहेरची ओसाड फाउल जमीन उरायचीच आणि वरच्या मजल्यावरून बॅटर ठिपक्याएवढा दिसायचा. दोन खेळांचा मार खऱ्या गवताला सोसवत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून कृत्रिम टर्फ. माती फक्त बेसभोवतीच्या चौकोनांपुरती. चेंडू टप्पा घेऊन डोक्यावरून उडायचा आणि खेळाडूंचे गुडघे झिजायचे.

हे एकट्या पिट्सबर्गचं दुखणं नव्हतं. १९६५ ते १९७१ या काळात सेंट लुईस, अटलांटा, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया, सगळीकडे असेच गोल वाडगे उभे राहिले. टीव्ही लावला की सामना कुठल्या शहरात चाललाय ते ओळखू येत नसे.

मला सर्वात जास्त सलतं ते वेगळंच. थ्री रिव्हर्सच्या मूळ आराखड्यात सेंटर फील्डची, म्हणजे होम प्लेटसमोरची, बाजू उघडी होती. तिथून समोर डाउनटाउन दिसणार होतं. खर्च कमी करताना ती बाजू बंद केली. अलेघनी आणि मोनोंगहेला मिळून जिथे ओहायो नदी होते, त्या संगमाशेजारची जागा, इमारतीचं नावच तीन नद्यांचं, आणि आत बसलं की एकही नदी दिसत नाही!

पीएनसी पार्कने ती चूक दुरुस्त केली. फक्त दोन मजले. १९५३ मध्ये मिलवॉकीचं काउंटी स्टेडियम झालं, त्यानंतर अमेरिकेत दोन मजली बॉलपार्क बांधलं गेलं ते हेच. सर्वात वरची खुर्चीसुद्धा मैदानापासून ८८ फुटांवर. खुर्च्या जेमतेम ३८ हजार. आउटफिल्डपलीकडे नदी, पूल आणि शहराच्या इमारती. राइट फील्डची (उजवीकडची) भिंत २१ फूट उंच, कारण पायरेट्सचा थोर खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे याच्या पाठीवर २१ आकडा होता. होम प्लेटपासून त्या बाजूने नदीचं पाणी ४४३ फूट ४ इंचांवर. जुलै २००२ मध्ये ह्यूस्टनच्या डॅरिल वॉर्डने मारलेला चेंडू टप्पा न घेता थेट नदीत गेला होता.

वेगळं घर ही चैन नव्हती. या खेळाची ती गरज होती. तुम्हाला काय वाटतं?


करदाता_मनोज:

मैदान सुंदर आहे, हे आधीच मान्य करतो. पण तुम्ही एवढं लिहिलंत आणि पैशाबद्दल एक अक्षर नाही. ते मी लिहितो.

४ नोव्हेंबर १९९७ ला नैऋत्य पेनसिल्वेनियाच्या ११ काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) मतदान झालं. विक्रीकर अर्धा टक्का वाढवून नव्या मैदानांसाठी पैसा उभारायचा का, हा प्रश्न होता. उत्तर ‘नाही’ आलं. एखाद-दोन काउंट्यांत नव्हे, अकराच्या अकरा काउंट्यांत. पिट्सबर्ग ज्या अलेघनी काउंटीत आहे, तिथेही. लोकशाहीत याहून स्पष्ट उत्तर कसं असतं ते मला सांगा.

तरी काय झालं? वर्षभराच्या आत ‘प्लॅन बी’ आला. अलेघनी काउंटीत १ टक्का जादा विक्रीकर आधीपासून होता. त्यातला अर्धा हिस्सा रीजनल ॲसेट डिस्ट्रिक्टकडे जातो. ग्रंथालयं, बागा, संग्रहालयं, प्राणिसंग्रहालय यांच्यासाठीचा हा पैसा. १९९८ मध्ये त्या मंडळाने त्यातून वर्षाला १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम ३० वर्षांसाठी या योजनेला बांधून दिली. १९९९ मध्ये राज्य सरकारने आपला वाटा टाकला. पीएनसी पार्क, स्टीलर्सचं (त्या वेळच्या नावाने) हाइन्झ फील्ड आणि कन्व्हेन्शन सेंटरचा विस्तार मिळून ८० कोटी डॉलरची योजना झाली. पीएनसी पार्कचा खर्च सुमारे २१ कोटी ६० लाख डॉलर, आणि त्यात पायरेट्सचा वाटा सुमारे ४ कोटी.

आणि सुरुंगाचा स्फोट झाला तेव्हा थ्री रिव्हर्सचं कर्ज फिटलेलं नव्हतं. इमारत नाहीशी झाली, हप्ते चालू राहिले. गोल मैदानात खेळ नीट दिसत नव्हता म्हणून माझ्यासारख्या माणसाने दोन इमारतींचे हप्ते एकदम भरायचे? मी बेसबॉल आवडीने पाहतो. पण माझ्या भागातल्या ग्रंथालयाचे तास वाढावेत म्हणून मी बैठकांना गेलो आहे, आणि ‘निधी मर्यादित आहे’ हे उत्तर ऐकून परत आलो आहे.


पुण्यातून_मिहीर:

एक साधा प्रश्न. मी बेसबॉल फक्त मोबाइलवर पाहतो. दोन्ही संघ मिळून एक मैदान वापरायचे तर खर्च निम्मा होत नाही का? १९६० च्या दशकात लोकांनी काहीतरी विचार करूनच ते बांधलं असेल ना?


अलेघनीकाठ:

मिहीर, विचार अगदी तोच होता. बेसबॉलचे घरचे सामने ८१, फुटबॉलचे त्या काळात मोसमाला सात आणि वर सरावाचे एक-दोन. म्हणजे फुटबॉलसाठी वेगळी इमारत बांधली तर ती वर्षातले बहुतेक दिवस रिकामी. शहरांनी हिशेब केला की एकाच इमारतीत दोघांना बसवू, चहूबाजूंनी पार्किंग करू, हायवे जोडू. थ्री रिव्हर्सला सुमारे साडेपाच कोटी डॉलर लागले. कागदावर हिशेब बरोबर होता.

गफलत अशी झाली की ८१ सामने ज्याचे, त्याला अडचणीत राहावं लागलं आणि आठ-दहा सामने ज्याचे, त्याच्या मापाने इमारत झाली. ५० हजार खुर्च्या फुटबॉलला लागतात. मंगळवार रात्रीच्या बेसबॉलला १२-१३ हजार लोक येतात, आणि एवढ्या मोठ्या वाडग्यात ते हरवून जातात. ३० सप्टेंबर १९७२ ला क्लेमेंटेने कारकिर्दीतला तीन हजारावा हिट (बेस गाठून देणारा फटका) मारला, तेव्हा थ्री रिव्हर्समध्ये तेरा हजारांच्या आसपास लोक होते. त्याच्या आयुष्यातला नियमित मोसमातला तो शेवटचा हिट ठरला. ३१ डिसेंबरच्या रात्री निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान प्वेर्तो रिकोजवळ समुद्रात कोसळलं.

मनोजराव, तुमच्या मुद्द्यावर येतो. मतदान डावललं गेलं, हे मला तेव्हाही खटकलं होतं. पण रीजनल ॲसेट डिस्ट्रिक्टचा पैसा फक्त ग्रंथालयांचा होता आणि मैदानाने तो पळवला, हे बरोबर नाही. त्या मंडळाच्या यादीत थ्री रिव्हर्स पहिल्यापासून होतं. म्हणजे जुन्या मैदानावरही तोच पैसा जात होता.


थ्री_रिव्हर्सवाले_काका:

मी १९७१ च्या उन्हाळ्यात या शहरात शिकायला आलो. हे सगळं वाचून मला वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

‘गोल वाडगा’ असं तुम्ही सहज लिहून जाता. त्या वाडग्यात काय काय घडलं ते ऐका. १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सचे मैदानावर उतरलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकन होते. मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, इतिहासात हे पहिल्यांदा घडलं, आणि ते थ्री रिव्हर्समध्ये. १३ ऑक्टोबर १९७१ ला वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या विजेतेपदाच्या मालिकेचा) इतिहासातला पहिला रात्रीचा सामना झाला, तोही तिथेच, ५१ हजार लोकांसमोर. आज वर्ल्ड सिरीज रात्रीच असते, त्याची सुरुवात त्या दिव्यांखाली झाली. २३ डिसेंबर १९७२ ला स्टीलर्सच्या फ्रँको हॅरिसने जमिनीला टेकता टेकता चेंडू उचलला आणि स्टीलर्सचं नशीब पालटलं. ती जागा आजही तिथे खूण करून ठेवली आहे. १९७९ साली त्याच इमारतीतल्या दोन्ही संघांनी आपापलं विजेतेपद मिळवलं. पोलाद कारखाने बंद पडायच्या तोंडावर होते. हजारो घरांवर संकट येऊ घातलं होतं आणि या शहराला ताठ मानेने बोलायला काहीतरी होतं.

वरच्या मजल्यावरून बॅटर लहान दिसायचा, हे खरं. पण वरच्या मजल्याचं तिकीट माझ्यासारख्या विद्यार्थ्याला परवडायचं. ५० हजारांच्या मैदानात जागा असायची आणि दारातून परत जावं लागत नसे. दोन्ही खेळांचे चाहते एकाच दारातून आत शिरायचे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जागा तीच, तिकीट तपासणारी माणसं तीच. आता बेसबॉलसाठी एक घर आणि फुटबॉलसाठी दुसरं घर, आणि दोन्हींमध्ये काचेमागच्या महागड्या सुइट्स. सामायिक जागेत माणसं एकमेकांना सामावून घेतात. ते गेलं, आणि त्याचा हिशेब कुणी केला नाही.

तीस वर्षांची इमारत पाडणं हे मला आजही पटत नाही. गवत लावता आलं असतं. बंद केलेली बाजू उघडता आली असती. प्रयत्न तरी करायचा.


ओकलंडची_विदुला:

काका, तुमच्या आठवणींबद्दल मनापासून आदर आहे. पण सामायिक मैदान थ्री रिव्हर्सपासून सुरू झालं नाही. त्याआधीचं फोर्ब्स फील्ड १९०९ चं, पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात, मी काम करते त्या विद्यापीठाच्या अंगणात म्हणा ना. स्टीलर्स तिथे १९३३ पासून १९६३ पर्यंत खेळले. निग्रो लीगमधला (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधला) होमस्टेड ग्रेज हा संघ तिथेच खेळायचा. तेही सामायिकच होतं. फरक एवढाच की फोर्ब्स फील्ड बेसबॉलसाठी बांधलेलं होतं आणि फुटबॉल तिथे पाहुणा म्हणून यायचा. थ्री रिव्हर्स कुणासाठीच बांधलेलं नव्हतं.

माझ्या मते खरी हळहळ वाटावी अशी गोष्ट १९७० मध्ये घडली, २००१ मध्ये नाही. फोर्ब्स फील्ड सोडलं आणि शहराच्या वस्तीत मिसळलेलं मैदान उचलून पार्किंगच्या मधोमध नेऊन ठेवलं. फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. जुनी होम प्लेट विद्यापीठाच्या पोसवार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली ठेवलेली आहे. १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात पायरेट्सच्या बिल मॅझरोस्कीने होमरन मारून न्यू यॉर्कच्या यँकीजला हरवलं, त्या सामन्याचं रेडिओ प्रक्षेपण ऐकायला दर १३ ऑक्टोबरला लोक त्या भिंतीपाशी जमतात. वर्किंग डेला, थंडीत, घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. काका, तुमच्या इमारतीलाही आठवणी आहेत, पण तिच्या जागी असं कोणी जमलेलं मी पाहिलं नाही.

पायरेट्सचा जुना थोर खेळाडू होनस वॅग्नर याच्या पुतळ्याचं बघा. १९५५ मध्ये तो फोर्ब्स फील्डजवळ शेनली पार्कात बसवला. तिथून थ्री रिव्हर्सला नेला. तिथून पीएनसी पार्कच्या दारात आणला. या शहराने दर पिढीला मैदान बदललं आणि पुतळा उचलून सोबत नेला.

पीएनसी पार्कने मैदान पुन्हा पायी जाण्याच्या अंतरावर आणलं, हे मला त्यातलं सर्वात मोलाचं वाटतं. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांसाठी बंद करतात. डाउनटाउनमधून हजारो माणसं पुलावरून चालत येतात. लहान मुलं बापाच्या खांद्यावर, ग्लोव्ह हातात. थ्री रिव्हर्सला माणूस गाडीतून उतरून गेटमधून आत जायचा आणि सामना संपला की हायवेवर.


करदाता_मनोज:

विदुलाताई, पुलाचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. मैदानाला क्लेमेंटेचं नाव द्यावं असं कितीतरी लोकांना वाटत होतं. नाव बँकेला विकलं गेलं आणि क्लेमेंटेच्या वाट्याला पूल आला. लोकांच्या पैशाने बांधलेल्या वास्तूचं नाव विकायचा हक्क संघाला कसा मिळतो?

आणखी एक. २००६ मध्ये पीएनसी पार्कच्या आत लेगसी स्क्वेअर नावाची जागा केली होती. जॉश गिब्सन, सॅचेल पेज अशा निग्रो लीगमधल्या थोर खेळाडूंचे पुतळे होते. २०१५ च्या मोसमाआधी ते काढून टाकले. ज्यांना मेजर लीगने वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही, त्यांना सार्वजनिक मैदानातून दुसऱ्यांदा बाहेर काढलं.

आता संघाबद्दल. १९९६ मध्ये केविन मॅक्लाची यांनी संघ विकत घेतला तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की नवं मैदान आलं की उत्पन्न वाढेल, उत्पन्न वाढलं की चांगले खेळाडू येतील. १९९३ ते २०१२, सलग २० मोसम पायरेट्स जिंकले कमी आणि हरले जास्त. त्यातले १२ मोसम नव्या मैदानात. पहिल्या वर्षी २४ लाखांहून जास्त प्रेक्षक आले, दुसऱ्याच वर्षी १८ लाखांच्याही खाली. दृश्य पाहायला माणूस एकदा येतो. पुन्हा पुन्हा येतो तो जिंकणाऱ्या संघासाठी.


अलेघनीकाठ:

मालकांचं समर्थन मी करत नाही, आणि करणारही नाही. २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं संघ प्लेऑफमध्ये गेला. २०१५ मध्ये प्रेक्षक २५ लाखांच्या जवळ पोचले. मग जानेवारी २०१८ मध्ये गेरिट कोल आणि अँड्रू मकचन या दोन्ही मोठ्या खेळाडूंना काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. या शहराने त्या संघाला जे दिलं, त्याच्या बदल्यात मिळालेलं हे उत्तर लाजिरवाणं आहे.

पण मालक वाईट म्हणून घर वाईट ठरत नाही. १ ऑक्टोबर २०१३ ची वाइल्ड कार्डची (प्लेऑफमधल्या एकाच बाद सामन्याची) रात्र घ्या. सिनसिनाटी समोर, ४० हजार माणसं, जवळपास सगळी काळ्या कपड्यांत. सगळं मैदान एका सुरात सिनसिनाटीच्या पिचरचं नाव पुकारत होतं, ‘क्वे-टो, क्वे-टो’. जॉनी क्वेटोच्या हातातून चेंडू निसटला, आणि लगेच पुढच्या चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. प्रेक्षक खेळाडूच्या इतके जवळ होते म्हणूनच तो आवाज त्याच्यापर्यंत पोचला. आपण १९७० चीच इमारत ठेवली असती तर ती रात्र झालीच नसती, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो.


थ्री_रिव्हर्सवाले_काका:

थ्री रिव्हर्समध्ये आवाज व्हायचा नाही असं वाटतं तुम्हाला? फुटबॉलच्या दिवशी त्या वाडग्यात कानात बोटं घालावी लागायची. चहूबाजूंनी बंद असल्यामुळे आवाज आतच घुमायचा. तुमच्या उघड्या बाजूने अर्धा आवाज नदीवर जातो.

विदुला, फोर्ब्स फील्डबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. मी आलो तेव्हा तिथले सामने संपले होते आणि पाडकाम व्हायचं होतं. रिकाम्या गॅलऱ्या मी पाहिल्या आहेत. पण त्यातूनही माझाच मुद्दा सिद्ध होतो. १९७० मध्ये सगळे म्हणाले, जुनं गेलं पाहिजे, नवं सोयीचं आहे. २००० मध्ये पुन्हा तेच म्हणाले. २०३० मध्येही कोणीतरी तेच म्हणेल, हे लिहून ठेवा.


ओकलंडची_विदुला:

काका, म्हणूनच मला मनोजच्या आणि तुमच्या बाजूला थोडं सरकावंसं वाटतंय. पीएनसी पार्क बांधायला हवं होतं, या मतावर मी ठाम आहे. पण आता ते पाडण्याची किंवा ‘नूतनीकरण करून द्या नाहीतर जातो’ असं म्हणण्याची मुभा कुणालाही मिळू नये. मैदान संघाच्या मालकीचं नाही. ते स्पोर्ट्स अँड एक्झिबिशन अथॉरिटीचं, म्हणजे आपलं आहे.

नॉर्थ शोअरचा, म्हणजे मैदानाभोवतीच्या नदीकाठचा, विकास झाला, कार्यालयं आली, नदीखालून लाइट रेलचा बोगदा २०१२ मध्ये सुरू झाला, हे सगळं मैदानाच्या खात्यावर टाकतात. त्यातलं बरंच सरकारी पैशातून आलं. आणि तिकिटावर खर्च झालेला पैसा तसाही शहरातल्याच एखाद्या हॉटेलात किंवा नाटकाला खर्च झाला असता. स्टेडियमच्या खर्चाचा अभ्यास करणारे बहुतेक अर्थतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं हेच सांगताहेत. मैदान हवं तर ते बागेसारखं हवं म्हणून बांधा, नफ्याचं आमिष दाखवून नको.


करदाता_मनोज:

हे पटलं. बागेसारखं, हे मी मान्य करतो. मग नवा करार करताना तो बागेसारखाच करा. दुरुस्तीचा कुठला खर्च संघ देणार आणि कुठला आपण, हे सही होण्याआधी जाहीर व्हायला हवं. नावाच्या विक्रीतला हिस्सा अथॉरिटीला मिळावा. ८१ दिवस सोडून उरलेल्या दिवसांत शाळांच्या संघांना ते मैदान वापरायला मिळावं. आणि लेगसी स्क्वेअर पुन्हा उभा करावा, तेही संघाच्या खर्चाने.

अथॉरिटीच्या बैठका सार्वजनिक असतात आणि नागरिकांना बोलायला वेळ मिळतो. मी जाणार आहे. अलेघनीकाठ, मैदानावर एवढं प्रेम आहे तर तुम्हीही या.


अलेघनीकाठ:

येतो. शाळांचा मुद्दा मी मांडतो, तुम्ही पैशाचा मांडा. काका, तुम्हाला न्यायला मी गाडी घेऊन येईन. थ्री रिव्हर्सचं कर्ज इमारत पाडल्यावरही लोक फेडत होते, हे त्या खोलीत तुमच्या तोंडून ऐकायला हवं.


थ्री_रिव्हर्सवाले_काका:

येईन. पण थ्री रिव्हर्स पाडलं ते चुकलंच, हेही मी तिथे सांगणार.